घर सांभाळणारा बाप्या

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आबा एसटीपर्यंत आले नाहीत. माय आली, धाकटा भाऊ राहुल आला, वस्तीतली निम्मी बायामाणसं आली. सामान फार नव्हतं. पत्र्याची एक ट्रंक, रॉकेलचा स्टोव्ह, दोन वाकळा, ज्वारीचं गठुडं आणि मायनं फडक्यात बांधलेल्या भाकरी, वर कारळाची चटणी. माझी बायको रत्नमाला हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ऑर्डर घेऊन उभी होती. उस्मानाबादेतून फोडून लातूरचा नवा जिल्हा झाला होता, नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, आणि परीक्षा देऊन तिला कारकुनाची नोकरी लागली होती. नोकरी तिची. मी तिच्याबरोबर निघालो होतो.

निघण्यापूर्वी आबांना जयभीम घालायला गेलो. माझे वडील घरापुढं बसून एका बाजेचा दोर ताणत होते. वर न बघताच म्हणाले, "बाई म्होरं आन् बाप्या मागं. आसं कुठं आसतंय व्हय?" मग रत्नाकडं बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "पोरी, जपून ऱ्हा. मन लावून काम कर."

आबांचं हे असं होतं. शिकलेली सून पाहिजे म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता. नांदेडला वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली मुलगी आपल्या घरात येते म्हणून ते पंचक्रोशीत सांगत फिरले होते. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीत जी पोरं जन्मली त्यांतला मी दुसरा गौतम. माझं नाव ठेवतानाच, हा साहेब होणार, असं त्यांनी ठरवलं होतं. मी दहावीत दोनदा बसलो आणि दोन्हीदा आपटलो. सून साहेब झाली तर त्यांना आनंदच होता. पण त्यांचा मुलगा तिची ट्रंक उचलून तिच्यामागं निघाला, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

बिलोलीहून देगलूर, देगलूरहून उदगीर, उदगीरहून लातूर. देगलूरपर्यंत बसमध्ये तेलुगू कानावर पडत होतं, उदगीरला त्यात कानडी मिसळली. लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा आजूबाजूला सगळे मराठीच बोलत होते, आणि तरी मला तेच गाव सगळ्यांत परकं वाटलं. तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना हे खरं वाटणार नाही. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना सांगायची गरज नाही.

मला येत होतं ते एकच काम, दोराचं. तेही शिकलो दुष्काळामुळं. बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. माय आणि आबा खडी फोडायला जायचे, मी राहुलला कडेवर घेऊन सरकारी सुकडीच्या रांगेत उभा राहायचो. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन पोट दुखायचं. त्या उन्हाळ्यात गावातल्या एका शेतकऱ्यानं सगळी गुरं बाजारात नेली आणि गोठ्यातली दावी, कासरे, मोहरक्या आबांच्या अंगणात आणून टाकल्या. म्हणाला, "रिकामा गोठा बघवंना. घ्या तुमी, कायबी करा." आबांनी ते सगळे दोर उसवले. कुजलेला भाग काढून टाकला, चांगला तेवढा पुन्हा पीळ देऊन सांधला, आणि खडीवरून आल्यावर दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं बाजा विणायचो. दगड फोडून आबांची बोटं सुजलेली असायची. ते सांगायचे, मी ओवायचो. दोर जोरात ओढला की ते हातावर चापट मारायचे. "वढू नको रं. दोर वढायचा नस्तो, बसवायचा आस्तो." त्या वर्षी आमच्या विणलेल्या बाजा किती घरांत गेल्या कोण जाणे. जनावरांच्या वासाच्या बाजा होत्या त्या.

लातूरला त्या विद्येला कुणी विचारलं नाही. शहरात लोखंडी पलंग आले होते. खोली मिळवताना आधी दोन ठिकाणी असं झालं की मालक हसून बोलत होता, आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्याला आठवलं. शेवटी मुरुडकडं जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या चार खोल्यांची एक रांग होती, तिथं जागा मिळाली. शेजारी शकीला भाभी राहायच्या, त्यांच्या नवऱ्याचं स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. आम्ही ट्रंक उतरवत होतो तेवढ्यात त्यांनी पाण्याची कळशी आणून ठेवली. नाव-गाव नंतर विचारलं.

मी बांधकामावर जायला लागलो. नव्या जिल्ह्याला नव्या इमारती लागत होत्या. रत्ना जुन्या पडक्या इमारतीतल्या कचेरीत टायपिंग करायची आणि मी तिच्या साहेबांसाठी होणाऱ्या इमारतीच्या विटा वाहायचो. संध्याकाळी दोघं एकाच वेळी खोलीवर यायचो. तिच्या बोटांना शाई, माझ्या बोटांना सिमेंट. ते दिवस वाईट नव्हते.

मग प्रज्ञा झाली. रत्नाची आई महिनाभर राहून गेली, रजा संपत आली. माय येते म्हणाली होती, पण तिच्या गुडघ्यानं दावा साधला. रत्ना झोळीला झोका देत नुसती बसून राहायची. रजा संपायला दोन दिवस राहिले तेव्हा मीच म्हणालो, "मी राहतो घरी."

ती म्हणाली, "किती दिवस?"

"पोरगी चालायला लागंपर्यंत."

पोरगी चालायला लागली, धावायला लागली, शाळेत गेली. मी घरीच होतो.

सुरुवातीला माझे फार हाल झाले. भाकरी थापताना तिचा हिंदुस्थानचा नकाशा व्हायचा. लंगोट धुऊन वाळत घातले की रांगेतले पुरुष कामावर जाता-जाता खाकरायचे. एकानं मला 'वहिनी' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव महिनाभर चाललं. मी ऐकून घ्यायचो. उलट बोलावं तर कडेवर प्रज्ञा असायची, आणि मूल कडेवर असलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे बायकांना माहीत असतं, मला तेव्हा कळलं.

दुपारी रांगेतल्या बायका सावलीत बसून वायरच्या पिशव्या विणायच्या. ती प्लास्टिकची वायर तेव्हा नुकतीच घरोघर आली होती, लाल, हिरवी, दुधी. प्रज्ञा झोपली की मी दारात बसून बघायचो. आठवडाभर नुसतं बघितल्यावर शकीला भाभीच म्हणाल्या, "गौतमभाई, दूर से क्या देखते? आव, बैठो." मी पाटावर बसलो. बाकीच्या बायकांनी पदर सावरले, जराशा सरकल्या आणि पुन्हा विणायला लागल्या. माझी पहिली गाठ इतकी ताठ बसली की वायर पांढरी पडली. "इतना नको खिंचो," भाभी म्हणाल्या, "टूट जाती." मला हसू आलं. हेच मी आबांकडून चापट खाऊन शिकलो होतो.

पहिली पिशवी वाकडी झाली. दुसरी रत्नाच्या डब्यासाठी केली. पिशवीचं बूड सगळ्या बायका साध्या गाठींचं करायच्या आणि जड सामान घातलं की ते लोंबायचं. मी बूड बाजेसारखं विणलं, तिरपं, एकाखालून एक. त्यात वीट ठेवली तरी ते खाली येत नव्हतं. रत्ना ती पिशवी घेऊन कचेरीत गेली आणि संध्याकाळी आली ती हसतच. "तीन जणींनी विचारलं, कुठून घेतली म्हणून."

"काय सांगितलंस?"

"नवऱ्यानं विणली म्हणाले. आधी त्यांना पटेना."

त्यानंतर आमच्या खोलीत वायरची बंडलं कायमची आली. पण मला विकण्यापेक्षा घरात काही करायची खोड जास्त. नवारपट्टीचा पाळणा केला. संत्र्यांच्या खोक्यांची मांडणी केली आणि तिला जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. दाराला मण्यांचं तोरण केलं, त्यात दोन पोपट. रत्नाला बसून टाइप करून पाठ दुखायची, म्हणून तिच्या कचेरीतल्या खुर्चीची मोडलेली वेताची बैठक रविवारी घरी आणून सुंभानं विणून दिली. पत्र्याखाली उन्हाळ्यात जीव जायचा, तर छताच्या आत पाचटाच्या चटया बांधल्या. सकाळी रत्ना निघाली, प्रज्ञा खेळायला लागली, डाळ शिजत असली आणि हातात अर्धी पिशवी असली की मला दुसरं काही नको वाटायचं. हे मी गावाकडच्या पत्रात कधी लिहिलं नाही. 'काम बरं चाललं आहे' एवढंच लिहायचो. कसलं काम ते लिहायचो नाही.

प्रज्ञा चार वर्षांची असताना पुन्हा कोरडा उन्हाळा आला. गावातल्या विहिरी आटल्या, माय तिच्या भावाकडं अर्धापूरला गेली, तिथं केळीच्या बागांमुळं थोडं तरी पाणी होतं. आणि एका दुपारी आबा न कळवता आमच्या दारात उभे राहिले.

मी बायकांच्या मध्ये पाटावर बसलो होतो. मांडीवर हिरवी पिशवी, शेजारी प्रज्ञा, चुलीवर भात. आबांनी मला बघितलं. तारेवर रत्नाची लुगडी वाळत होती, तीही बघितली. ती मीच धुतलेली होती हे त्यांना न सांगता कळलं. शकीला भाभी पदर घेऊन उठल्या, "आव अब्बाजी," म्हणाल्या. आबा आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

पहिले आठ दिवस ते रोज सकाळी चहा घेऊन बाहेर पडायचे आणि उन्हं उतरल्यावर यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, गाव बघतो. शकीला भाभींच्या नवऱ्यानं सांगितलं, ते दिवसभर एसटी स्टँडच्या बाकावर बसलेले असतात. रांगेतल्या पुरुषांनी कामावर जाता-येता आपल्याला या घरात बघावं, एवढंही त्यांना नको होतं.

नवव्या दिवशी जेवताना त्यांनी बोलायला सुरुवात केली. बिलोलीतल्या एका शाळेत शिपायाची जागा निघाली होती. संस्थेतल्या माणसाला ते तीनदा भेटून आले होते. शब्द मिळाला होता. ते इथं आले होते ते त्यासाठीच, पाण्याचं निमित्त होतं.

"सरकारी पगार हाय. खाकी कापडं मिळतेत," आबा म्हणाले. "मानसासारखं जगशील."

मी म्हणालो, "इथं मी कसा जगून राहिलोय, आबा?"

त्यांनी ताटात हात धुतला. "लोक इचारतेत, थोरला काय करतो. म्या काय सांगू? लुगडी धुतो म्हनून सांगू?"

रत्ना भाकरी वाढत होती. आबा झोपल्यावर मला बाहेर बोलावून म्हणाली, "तुम्हाला जायचं असेल तर जा. मी प्रज्ञाचं बघीन, शकीला भाभी आहेत. पण मी अडवलं म्हणून राहिलो, असं पुढं कधी म्हणू नका. आणि मी पाठवलं म्हणून गेलो, असंही नको."

मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. तीन दिवस मी विचार केला. खरं सांगतो, मला जावंसं वाटत होतं. खाकी कपडे घालून आमच्या वस्तीतून सायकलवर जायचं, आबा घरापुढं बसून बघतायत, हे चित्र मी कितीदा तरी मनात बघितलं. बाहेर पडलेल्या प्रत्येकाला असं एक चित्र सतावत असतं. मग तिसऱ्या दिवशी प्रज्ञाला ताप भरला. रत्नाला कचेरीतून सुटता येईना, जिल्ह्याच्या कसल्याशा बैठकीचे कागद टाइप करायचे होते. मी पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, औषध पाजलं, ओल्या फडक्यानं पुसत बसलो. ती झोपेत माझं बोट धरून होती. सोडवून घ्यायला गेलो की आणखी घट्ट धरायची. मी तिथं बसल्या-बसल्याच ठरवलं.

आबांना सांगितलं, "मी येत नाही."

ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. रत्नानं डबा बांधून दिला, तो घेतला. मी स्टँडवर सोडायला गेलो तर म्हणाले, "पोरगी येकटी हाय घरी, तू जा." त्यात राग होता की आणखी काही, तेव्हा मला समजलं नाही. पुढं दहा-अकरा वर्षं ते लातूरला आले नाहीत. आम्ही सणाला, लग्नाला गावी जायचो. आबा प्रज्ञाशी बोलायचे, रत्नाला कचेरीतलं विचारायचे. मला विचारायचे, "पानी कसं हाय लातूरला?" दरवेळी तेवढंच. आमच्या गावाजवळून वाहणारी मांजरा नदीच लातूरकरांना पाणी पाजते, तेव्हा हा प्रश्न एका नदीकाठच्या माणसानं त्याच नदीकाठच्या माणसाला विचारावा तसा होता, आणि मीही तसंच उत्तर द्यायचो.

प्रज्ञा नववीत असताना आबांना लकवा झाला. माय दोन वर्षांपूर्वीच गेली होती. राहुलची चिठ्ठी आली, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतंय. आम्ही तिघं गेलो. राहुल बटईनं शेत करायचा, पहाटेपासून रानात. त्याची बायको सुनीता भली पोर, पण सासऱ्याचं अंग धुणं, कपडे बदलणं तिला अवघड जायचं, आणि आबांना तर त्याहून अवघड. ती जवळ आली की ते डोळे मिटून घ्यायचे. दिवसभर एका कुशीवर पडून त्यांच्या कमरेला जखम झाली होती. माशा बसत होत्या.

राहुल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, मला जमंना रं. हात लावला की त्ये वरडतेत."

मी पाणी गरम करायला लावलं. दार ओढून घेतलं. पोरीला जसं मांडीवर घेऊन न्हाऊ घालायचो तसं आबांना एका अंगानं माझ्यावर टेकवलं आणि धुतलं. जखम पुसली, खोबरेल लावलं, धोतर बदललं, केस विंचरले. माझे हात आपोआप चालत होते. आबांनी डोळे उघडे ठेवले होते. एकदाही ओरडले नाहीत.

बाहेर आलो तेव्हा रत्ना सुनीताला आबांची औषधं विचारून कागदावर लिहून घेत होती. मला म्हणाली, "जीप सांगितलीय. उद्या निघू."

तोवर आम्ही लातूरला दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं होतं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी आबांना ठेवलं. लोखंडी पलंगावर जखम भरेना, नवारीवर घाम साचायचा. मग मी लाकडी चौकट करून घेतली, मऊ सुती दोर आणला आणि बाज विणायला बसलो. मोठी अडचण होती शौचाची. दरवेळी उचलताना जखमेला धक्का बसायचा. मला वाटलं, बाजेला मधोमध एक तोंड ठेवावं, खाली भांडं सरकवता येईल असं. पण मध्ये दोर तोडला की सगळी वीण सैल पडत होती. दोनदा विणून उसवली.

आबा पडल्या-पडल्या बघत होते. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा त्यांनी घशातून आवाज काढला. डावा हात वर करून बोटानं गोल काढला आणि फार कष्टानं म्हणाले, "आदी... कडं."

आधी कडं. मला पटकन कळलं नाही. त्यांनी पुन्हा गोल काढला. आधी दोराचं कडं करून घ्यायचं, मग चारी बाजूंचे दोर त्या कड्याला आणून बांधायचे, म्हणजे कुठं काही तोडायलाच लागत नाही. इतकं साधं होतं. मी कडं केलं, दोर आणले. "वढू..." ते म्हणाले आणि पुढचं त्यांना जमेना. मी म्हणालो, "नाही ओढत, आबा." दोन दिवस असं चाललं. ते बोट दाखवायचे, मी बांधायचो. प्रज्ञा शाळेतून आली की दोराचं दुसरं टोक धरून बसायची.

महिन्याभरात जखम भरून आली. त्यानंतर दीड वर्ष आमचा दिवस असा होता: रत्ना नऊला निघायची, प्रज्ञा शाळेत, आणि मी आणि आबा घरात. मी त्यांना भरवायचो, कूस बदलायचो, मग खिडकीत बसून विणायचो. वायरचा जमाना सरला होता, आता तयार पिशव्या बाजारात मिळायच्या. मी दोराची स्टुलं करायचो, पडद्यांना झालर करायचो. आबांना दाखवायचो. पसंत नसलं की ते तोंड फिरवायचे. शकीला भाभी आठवड्यातून एकदा यायच्या, "अब्बाजी, कैसे हो?" विचारायच्या, आणि एकेकाळी एसटी स्टँडवर दिवस काढणारा हा माणूस त्यांना पान मागायचा. एकदा अंग पुसताना मला म्हणाले, एकेक शब्द वेगळा करत, "माज्या... मायनं... केलं व्हतं... आसं. लहानपनी." एवढंच. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

आता रत्ना सेवेतून निवृत्त झाली आहे. प्रज्ञा पुण्याला असते, तिचा नवरा आमच्याकडं आला की स्वयंपाकघरात मला हात लावू देत नाही. लातूरचं पाणी पुन्हा एकदा असं आटलं की ते रेल्वेनं आणावं लागलं, आणि तेव्हाही आम्ही इथंच होतो. गावाकडची नवी पोरं भेटली की विचारतात, काका, म्हातारपणी गावाकडं येणार का, घर तर इकडंच ना तुमचं. तुम्हा सगळ्यांनाच, राहिलेल्यांना आणि बाहेर पडलेल्यांना, याचं उत्तर हवं असतं. मी ते स्वतः शोधलेलं नाही. एका दुपारी ते माझ्यासमोर कुणीतरी बोललं, ते सांगतो.

आबा आमच्याकडं होते तेव्हाची गोष्ट, सुगी झाल्यावर राहुल जीप घेऊन आला होता. बरोबर ज्वारीचं पोतं आणि सुनीतानं दिलेली कारळाची चटणी. त्यानं गावात घरकुलातून एक पक्की खोली बांधली होती, फरशी घातलेली, खास आबांसाठी. वस्तीत लोक त्याला बोलत होते, बाप थोरल्याकडं टाकला म्हणून. त्याची काही चूक नव्हती. त्यानं बापासाठी खोली बांधली होती आणि तो बापाला न्यायला आला होता.

मला ठाऊक होतं, आबांचा जीव त्या मातीत आहे. मी आतल्या खोलीत जाऊन त्यांचे कपडे, औषधं, तेलाची बाटली एका पिशवीत भरायला लागलो. रत्ना दाराला टेकून बघत होती. तिनंही मला थांबवलं नाही.

राहुल बाजेजवळ उकिडवा बसला. आबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "आबा, चला. जीप आनलीया. घरी जाऊ."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग खोलीभर नजर फिरवली, जणू तो काय म्हणतोय ते त्यांना उमगत नव्हतं.

"घरीच... हाय की मी," ते म्हणाले.

राहुलनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या हातात भरलेली पिशवी होती, ती मी खाली ठेवली. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. रत्ना बाहेर गेली आणि त्याला म्हणाली, "तुम्ही जा दादा, आज कुणी येत नाही."

आबांच्या अंघोळीची वेळ झाली होती. मी पाणी काढलं. राहुल उठला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "कुठून धरायचं, दाव मला."